ड्रॉप सी ते काळी एक : कोकणात राहून बँडचा आवाज बदलताना

आमच्या बँडचा तिसरा अल्बम ८ ऑगस्ट २०२५ ला बाहेर आला. आधीचे दोन्ही अल्बम जड डिस्टॉर्शनचे, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचे, होते : ड्रॉप सीमध्ये (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत) उतरवलेल्या दोन गिटार, दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल, ओरडून गायलेले शब्द. या वेळी आठही गाण्यांत डिस्टॉर्शन जवळपास नाही. मध्यभागी दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातली पायपेटी (पायानं भाता चालवायची पेटी), मृदंग आणि झांज आहे. त्यांच्याभोवती स्वच्छ गिटार, बेस आणि अर्धाच ड्रमसेट. कुडाळ-वेंगुर्ले पट्ट्यात राहून हे करायला वर्षाहून थोडा जास्त काळ लागला. इथे जवळपास स्टुडिओ नाही, विचारायला माणूस नाही आणि कागदपत्रांची माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते. असं काही करायला निघालेल्या इतर बँडना उपयोगी पडावं म्हणून सगळं घडलं त्या क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. रॉक गाणं पूर्ण तयार करून शेवटी त्यावर मृदंग चढवला, तर तो शोभेपुरता उरतो. पेटीचा सूर हलवता येत नाही, मृदंगाचं चामडं हवामानाचं ऐकतं आणि वाजवणाऱ्यांचं वर्ष जत्रांवर चालतं. म्हणून गिटार, क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टकटक), वेळापत्रक, मिक्स, सगळ्यांनी त्यांच्याकडे यायचं. हे पटलं नसेल तर हा खटाटोप करू नये.

सुरुवात २०२४ च्या जूनमध्ये झाली. पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा विचारच नव्हता. पत्र्यावर आणि कौलांवर पाऊस वाजत असताना माईक उघडता येत नाही. हे चार महिने गाणी लिहिण्यात आणि सूर ठरवण्यात घालवले. डिस्टॉर्शन का सोडलं याचं कारण आवडीनिवडीइतकंच भौतिकशास्त्रातही आहे. दोन सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. सा आणि प घेतले तर हे नवे सूर जागच्या जागी बसतात, कारण पेटी-गिटारवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंट कमी असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). सा आणि शुद्ध गंधार घेतला तर गडबड होते. पेटीवरचा आणि गिटारवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो आणि डिस्टॉर्शन हा फरक मोठा करून ऐकवतं. म्हणून जड रॉकमध्ये सगळे पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे फक्त सा-प. आमच्या नव्या चाली गंधार-धैवतावर उभ्या होत्या. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, कमी केल्याशिवाय त्या ऐकूच येईनात.

गेन काढला की लगेच दोन अडचणी येतात. पहिली, सूर लांबत नाही. डिस्टॉर्शन आवाज दाबून सपाट करतं, त्यामुळे एक कॉर्ड चार मात्रा टिकते. स्वच्छ गिटार दुसऱ्या मात्रेलाच विरते. दुसरी, दोन गिटार एकच गोष्ट वाजवत असल्या तर ते उघडं पडतं. आम्ही एका गिटारला कॉर्डऐवजी सुटे सूर दिले आणि दुसरीला पुष्कळ जागी गप्प बसवलं. लांबणाऱ्या सुराचं काम पेटीकडे गेलं. ऑगस्टपर्यंत ही पुनर्रचना चालली आणि अल्बमचं अर्धं काम, माझ्या मते, तिथेच झालं.

सप्टेंबरात गणपती झाल्यावर पेटीची मोजणी केली. हे काम प्रत्येकानं करावं, फोनवरचा ट्यूनर पुरतो. भाता मध्यम दाबानं चालवत एकेक पट्टी पाच सेकंद धरायची आणि किती सेंट चढी-उतरी आहे ते वहीत लिहायचं. भाता जोरात दाबला की रीडचा (पेटीत थरथरणाऱ्या धातूच्या पातीचा) सूर किंचित उतरतो, खर्जाच्या रीडमध्ये जास्त. म्हणून दाब सारखा ठेवायचा. आम्हाला मिळालेली पायपेटी सरासरी १० सेंट चढी निघाली, म्हणजे ए हा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी साधारण ४४२.५ हर्ट्झ. दोन-तीन रीड बाकीच्यांपेक्षा ८ सेंटपर्यंत बाजूला होत्या. त्या तेवढ्या कारागिराकडून जुळवून घेतल्या. रीडच्या टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. धातू एकदा गेला की परत येत नाही, त्यामुळे हे घरी करू नये. सबंध पेटी ४४० वर आणायचा विचार आम्ही बोलून दाखवला तेव्हा पेटीवाले बुवा म्हणाले, “तुमच्या मशिनाक जुळवूक गेलास तर तिचो आवाज मरतलो.” प्रत्येक रीड खरवडली तर तिचा बाज बदलतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मग बाकी सगळं ४४२.५ वर आणलं : गिटारचे आणि बेसचे ट्यूनर, सिंथेसायझरचं मास्टर ट्यूनिंग, संगणकातली वाद्यं. एकही वाद्य ४४० वर राहून गेलं तर गाणं कुठेतरी आंबट लागतं आणि दोष कुठे आहे ते लवकर सापडत नाही.

गायकाची पट्टी काळी एक ठरली, म्हणजे सी शार्प. गिटारवर ती सोयीची नाही. आम्ही गिटार अर्धा सूर उतरवली आणि सगळ्यात जाड तार आणखी एक सूर खाली घेतली. तारा अशा लागतात : सी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प. काळी एकमध्ये हे सा, प, सा, म, ध, रे होतं. खालच्या तीन तारा मोकळ्या सोडल्या की सा-प-सा हा आधार आपोआप वाजत राहतो आणि डाव्या हाताला डीच्या ओळखीच्या आकारात बोटं ठेवता येतात. ड्रॉप सीसाठी लावलेल्या १२–५६ च्या जाड तारा काढून ११–५० चा संच लावला. तारांचा ताण बदलला की मानेचा बाक आणि ब्रिजवरचं इंटोनेशन (वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी) पुन्हा लावावं लागतं. ते न करता बाराव्या पडद्याच्या वर वाजवलं तर पेटीशी सूर जुळत नाही. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साध्या तारा तीन-चार आठवड्यांत काळ्या पडतात आणि सुरातून जातात. लेप असलेल्या तारा महाग पडतात, पण रेकॉर्डिंगच्या काळात त्याच घ्याव्यात.

खोली ऑक्टोबरात तयार केली. जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं, हॉल साधारण १६ बाय १२ फूट. न गिलावलेला चिरा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज थोडा पसरतो आणि थोडा शोषला जातो. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, त्यामुळे वरखाली आपटून घुमणारा प्रतिध्वनी होत नाही. असं घर मिळालं तर भिंतींना गिलावा आणि ऑइलपेंट करू नका. कौलांच्या फटींतून बाहेरचा आवाज येतो ही मात्र खरी अडचण आहे आणि कमी पैशांत ती सुटत नाही. कोंबडे, कावळे, रस्त्यावरची एसटी, संध्याकाळी रातकिडे. आमच्या जागी दुपारी एक ते पाच हा सगळ्यात शांत वेळ होता.

खालच्या पट्टीची घुमघुम घालवायला रॉकवूलचे पॅनल केले. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या स्लॅब, चार इंच जाडी, लाकडी चौकट ४ बाय २ फूट, वर सुती कापड. कोपऱ्यांत उभे, बाकीचे भिंतीपासून तीन इंच सोडून. हे अंतर दोन कारणांनी हवं : खालच्या पट्टीचा आवाज जास्त शोषला जातो आणि मागून हवा खेळल्यामुळे बुरशी धरत नाही. कोकणात भिंतीला चिकटवलेलं रॉकवूल एका पावसाळ्यात कुबट होतं. कापताना हातमोजे आणि मास्क लागतोच, तंतू कातडीत शिरतात. बारा पॅनलना साधारण २२,००० रुपये लागले. खिडक्यांना गोधड्या लावल्या.

विजेकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. डिस्टॉर्शनच्या काळात आम्ही नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावून गुणगुण लपवायचो. स्वच्छ गिटारच्या हळू जागांत गेट लावता येत नाही, सुराची शेपटी कापली जाते. त्यात सिंगल कॉइल पिकअप घेतले तर वायरिंगची ५० हर्ट्झची घरघर थेट रेकॉर्ड होते. जांभ्याच्या जमिनीत पाऊस संपल्यावर अर्थिंग कोरडं पडतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा नव्यानं मीठ-कोळसा घालून करावा आणि त्यात पाणी ओतत राहावं. आम्हाला सुमारे ६,००० रुपये खर्च आला आणि घरघर मोठ्या प्रमाणात गेली. उरलेली घरघर गिटार वळवून घालवायची : वादकानं खुर्ची थोडी थोडी फिरवत जिथे आवाज सगळ्यात कमी होतो तिथे बसायचं.

आता वेळापत्रक. दशावताराचा हंगाम कार्तिकात जत्रांबरोबर सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. त्रिपुरारी पौर्णिमा २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती. त्यानंतर मंडळाचे वादक जवळजवळ रोज रात्री वेगळ्या गावात असतात, पहाटे नाटक संपवून घरी येतात आणि दुपारी उठतात. म्हणजे वादक मोकळे असतात तेव्हा हवा दमट आणि हवा कोरडी होते तेव्हा वादक बांधलेले. आम्ही हवेला प्राधान्य दिलं आणि जानेवारीतल्या खेळ नसलेल्या तारखा आगाऊ मागितल्या. त्यासाठी थांबावं लागतं. मंडळाच्या तारखा शेवटपर्यंत हलतात, एखादी जत्रा आयत्या वेळी येते. ती वादकांची रोजीरोटी आहे, तिथे आपलं रेकॉर्डिंग दुसऱ्या क्रमांकावरच असायला हवं. रात्रभर वाजवून आलेल्या माणसाला सकाळी दहाला बोलावू नये. जेवण, विश्रांती आणि परतीचं वाहन आपण पाहायचं.

माईक लावण्याआधी कागद केला. मानधन किती आणि कधी, नाव कुठे आणि कसं छापायचं, वादकानं स्वतः रचलेल्या सुरावटीचा वाटा किती, रेकॉर्डिंग दुसरीकडे वापरलं तर काय. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० च्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा वादकालाही कलाकार म्हणून हक्क देतो : व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा आणि आपलं नाव जोडलं जाण्याचा. लोकवादकांना हे सहसा कोणी सांगत नाही. करार मराठीत लिहावा, मोठ्यानं वाचून दाखवावा, प्रत त्यांच्याकडे द्यावी. आमच्या एका गाण्याचा अंतरा सबंध बुवांच्या पेटीतून आला. तिथे संगीतकार म्हणून त्यांचं नाव आणि वाटा लिहिला. तिन्ही वादकांचं मिळून मानधन ६०,००० रुपये झालं आणि हा खर्च काटकसरीत सगळ्यात शेवटी यावा असं मला ठामपणे वाटतं.

दोन गाणी पारंपरिक आहेत, एक जात्यावरची ओवी आणि एक गाऱ्हाणं. ओवीखाली ‘पारंपरिक’ लिहिलं, आमचं नाव फक्त संगीत संयोजनापुरतं. गाऱ्हाणं देवासमोर घातलं जातं. ते गिटारबरोबर वाजवायचं तर गावकार आणि मानकरी यांच्याशी आधी बोलावं. आम्हाला परवानगी मिळाली ती देवस्थानाचं नाव न घेण्याच्या अटीवर आणि ती अट रास्त होती.

जानेवारी २०२५ मध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं. रॉकमध्ये नेहमीचा क्रम क्लिक, ड्रम, बेस, गिटार, गाणं असा असतो. आम्ही पेटी, मृदंग, झांज आणि कच्चं गाणं एकाच खोलीत एकदम घेतलं, क्लिकशिवाय. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे गिटारवाल्याच्या हिशेबानं चार-चारचे दोन बार; पण लय एका जागी उभी राहत नाही. मिनिटाला ९२ वर सुरू झालेलं गाणं शेवटी १०४ पर्यंत जातं. ही चढती लय काढून टाकली तर त्या वादनाचा प्राण जातो. नंतर संगणकात प्रत्येक आवर्तनाच्या समेवर खूण करून लयीचा नकाशा तयार केला आणि क्लिकला त्या नकाशावर चालायला लावलं. बेस आणि गिटार त्या हलत्या क्लिकवर वाजवल्या. खुणा फक्त समेवर ठेवाव्यात. प्रत्येक मात्रेवर खूण केली तर क्लिक अडखळल्यासारखा चालतो.

मृदंगाला दोन माईक. उजव्या शाईच्या तोंडाला कंडेन्सर (बारीकसारीक आवाज टिपणारा माईक), सुमारे ३० सेंटीमीटरवर, बोटांच्या थेट समोर न ठेवता थोडा वरून. डाव्या कणकेच्या तोंडाला मोठ्या पडद्याचा डायनॅमिक (मोठा आवाज झेलणारा माईक), २० सेंटीमीटरवर. दोन्ही तोंडं एकाच लाकडी खोडावर असल्यामुळे दोन्ही माईक एकमेकांचा आवाज पकडतात. एका ट्रॅकची ध्रुवता उलटी करून (लहरीची वर-खाली अदलाबदल करून) ऐका आणि जिकडे धूम, म्हणजे डाव्या तोंडाचा खोल आवाज, भरीव येतो ती बाजू ठेवा. कणीक पंख्याखाली सुकते आणि डाव्या तोंडाचा सूर चढतो. पंखा बंद, ओलं फडकं जवळ आणि दर तासाला कणीक नवीन. उजवं तोंड गठ्ठे ठोकून काळी एकला लावलेलं असतं. खोलीतली आर्द्रता वाढली की पुडी सैल होऊन सूर अर्ध्या पट्टीपर्यंत सहज उतरतो. पाचशे रुपयांचं आर्द्रतामापक भिंतीला लावा. आम्ही आधी एसीच्या ड्राय मोडवर हवा ५५ टक्क्यांच्या आसपास आणायचो आणि टेक सुरू करताना एसी बंद करायचो. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला पेटीचा सा आणि मृदंगाचा एक मोकळा बोल रेकॉर्ड करून ठेवा. नंतर दोन टेक जोडताना कुठला कुठे बसतो ते त्यावरून कळतं.

झांज सगळ्यात अवघड. कंडेन्सरला ती टोचते आणि खोलीतल्या प्रत्येक माईकमध्ये शिरते. झांजवाल्यांना खोलीच्या टोकाला बसवलं आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माईकची पाठ त्यांच्याकडे केली. त्यांचा स्वतःचा माईक डायनॅमिक, मीटरभर लांब, झांजेच्या कडेच्या रेषेतून बाजूला. दोन माईकांमधलं अंतर प्रत्येक माईक आणि त्याच्या वाद्यामधल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेवलं तर गळती आटोक्यात राहते. गळती पूर्ण जात नाही, जाऊ देऊही नये. तिघे एकमेकांकडे पाहून वाजवतात त्यातून जे येतं ते वेगवेगळ्या खोल्यांत येत नाही. पायपेटीला मागच्या बाजूला, जिथून आवाज बाहेर पडतो तिथे माईक. खाली पायट्याची कुरकुर येते, तिला जाड चटई आणि सांध्यांना मेण.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, सगळ्यात मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या वर जाऊ न देता. जड संगीताची सवय असेल तर पातळी कमी वाटते, घाबरू नये. मृदंगाची थाप मीटरवर दिसते त्याहून अचानक मोठी येते.

ड्रमसेट फेब्रुवारीत. मृदंगाचा धूम आणि पायानं वाजवायचा किक ड्रम साधारण एकाच भागात, ६० ते ११० हर्ट्झमध्ये, बसतात. दोन्ही ठेवले तर दोन्ही मळकट होतात. पाच गाण्यांत किक काढूनच टाकली. उरलेल्यांत लोकरीचा बीटर लावून ती फक्त समेवर ठेवली. वर्षानुवर्षं डबल पेडलवर वाजवलेल्या ड्रमरला हे किती अवघड जातं हे बाहेरून कळत नाही. ब्रश, रिमशॉट आणि राइडची कड यांवर त्यानं बाकीचा भाग उभा केला. गिटार आणि गाणं मार्चमध्ये, शिमग्याआधी, कारण शिमग्यात पालख्या आणि ढोलांमुळे गावात रेकॉर्डिंग होत नाही आणि बँडमधलं कोणी घरी थांबतही नाही. गाऱ्हाण्यातला ‘व्हय म्हाराजा’ दहा-बारा जणांना एका माईकभोवती उभं करून घेतला, मग सगळ्यांच्या जागा बदलून पुन्हा. दोन्ही थर डाव्या-उजव्या बाजूला ठेवले की गर्दी खरी वाटते.

मिक्सिंग मुंबईतल्या इंजिनिअरकडे, एप्रिलमध्ये, गाण्याला १०,००० रुपये. एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतो. पाच मिनिटांचं तीस ट्रॅकचं गाणं १.३ जीबी. आमच्याकडच्या इंटरनेटवर हे चढवण्यापेक्षा हार्डडिस्क गाडीनं पाठवणं सोपं पडलं, दुसरी प्रत घरी ठेवून. प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू झालेली, नावं स्पष्ट, सोबत लयीचा नकाशा आणि ए = ४४२.५ ही ठळक सूचना. ती सूचना नसेल तर गायकाचा सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर तो ४४० कडे ओढतं आणि गायक पेटीपेक्षा उतरा लागतो.

पहिलं मिक्स ऐकून मन खट्टू झालं. मृदंगाला ड्रमसारखं वागवलं होतं : गेट लावून शेपटी कापलेली, कॉम्प्रेसरनं प्रत्येक थाप सारखी केलेली. जड रॉकच्या सवयीनं बहुतेक इंजिनिअर इथूनच सुरुवात करतात. ‘नैसर्गिक ठेवा’ असं सांगून उपयोग होत नाही. आम्ही मिनिट-सेकंद लिहून सूचना दिल्या : गेट काढा, कॉम्प्रेशन २:१ च्या आत, अटॅक (कॉम्प्रेसर दाबायला लागण्याआधीचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या वर म्हणजे थापेचं तोंड मोकळं राहील. सोबत दशावताराच्या खेळात बसून केलेलं साधं रेकॉर्डिंग पाठवलं, म्हणजे कान कशाकडे न्यायचा ते कळावं. दुसरं मिक्स पुष्कळ जवळ आलं. पेटी आणि गिटार २५० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झमध्ये भांडतात; ते इक्वलायझरनं सुटत नाही, रचनेनंच सुटतं. जिथे रचना मोकळी होती तिथे दोन-तीन डेसिबलची कपात पुरली.

मिक्स फोनच्या स्पीकरवर जरूर ऐका. फोन २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही वाजवत नाही, त्यामुळे मृदंगाचा धूम नाहीसा होतो आणि नुसती चाट उरते. डाव्या तोंडाच्या ट्रॅकची एक प्रत हलक्या सॅच्युरेशनमधून (सौम्य डिस्टॉर्शनमधून) काढून ती मूळ ट्रॅकखाली मिसळली. त्यानं २०० ते ४०० हर्ट्झमध्ये उपस्वर तयार होतात आणि फोनवरही धूम असल्याचं कान मानतो.

मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) मे महिन्यात, गाण्याला २,५०० रुपये. आधीचा अल्बम अतिशय मोठ्या आवाजावर दाबलेला होता. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतं, ॲपल म्युझिक उणे १६ ला. म्हणजे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली आणलं जातं आणि हाती फक्त दाबलेपण राहतं. आम्ही उणे १४ च्या आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ मागितलं. मृदंगाला श्वास मिळाला.

जून कागदांत गेला. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. वाद झाला तर पुरावा म्हणून तिचा उपयोग. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४. गीत वेगळं, संगीत वेगळं, ध्वनिमुद्रण वेगळं, असे तीन अर्ज. गीताला ५०० रुपये, संगीताला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००. सहा स्वतःच्या गाण्यांची गीतं आणि संगीत मिळून ६,००० आणि आठ ध्वनिमुद्रणांचे १६,०००. ध्वनिमुद्रणासाठी ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्यांची ना-हरकत पत्रं लागतात. जानेवारीतले करार इथे उपयोगी पडले. डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतर तपासणी. प्रमाणपत्राची वाट पाहत प्रकाशन अडवू नका. नोंदणी नसलेला बँड हा कायद्यानं व्यक्ती नाही, अर्ज कोणाच्या नावावर करायचा हे आधी आपसांत लिहून ठरवा.

आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व गीतकार आणि संगीतकार दोघांनी घ्यावं. पॅन, रद्द केलेला चेक आणि कामांची यादी हाताशी ठेवा. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची वाट्यांसह नोंद करावी लागते, नुसतं सदस्यत्व पैसे आणत नाही. नावं पॅनवर आहेत तशीच लिहा. ‘बुवा’, ‘दादा’ लिहिलं तर पैसे त्या माणसापर्यंत पोचत नाहीत.

गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाकडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात फाइल दिल्या. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबपत्ता नको. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो. तो वहीत उतरवून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला आणि तोच क्रमांक दिला तर आधीचे ऐकलेले आकडे टिकतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी, आणि एका वेळी एकच गाणं. आम्ही ओवी सुचवली, अल्बममधलं सगळ्यात वेगळं गाणं. जुन्या श्रोत्यांना सांभाळायला आधी जुन्याच्या जवळचं गाणं द्यावं असा सल्ला पुष्कळांनी दिला. मला तो पटत नाही. श्रोता त्या गाण्यावरून अंदाज बांधतो आणि मग उरलेली सात गाणी त्याला फसवणूक वाटतात.

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारची धास्ती होती. जुने श्रोते काही नाराज झाले, काहींनी दोन-तीनदा ऐकून मत बदललं आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांपैकी कित्येकांनी घरच्या मोठ्यांना गाणी ऐकवल्याचं कळवलं. पैशांचे अहवाल दोन-तीन महिने मागे चालतात, त्यामुळे त्या आकड्यांवरून लगेच निष्कर्ष काढू नका.

रंगमंचावर हे वाजवायचं असेल तर आणखी तयारी लागते. मृदंग आणि पेटीचे माईक मोठ्या मॉनिटरसमोर (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) शिट्टी मारतात. मॉनिटर काढून कानातले वापरावेत किंवा पेटीच्या लाकडाला चिकटणारा पिकअप लावावा. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून मृदंग लावण्याचा वेळ कार्यक्रमाच्या वेळेत धरू नका. संध्याकाळी दव पडायला लागलं की तो पुन्हा लावावा लागतो. जुनी गाणी ड्रॉप सीत ४४० वर आणि नवी काळी एकमध्ये ४४२.५ वर, त्यामुळे प्रत्येक गिटारवाल्याला दोन गिटार, ट्यूनरवर दोन वेगळ्या नोंदी आणि आधी नवी गाणी, मग जुनी. उलट क्रमानं गेलो तर मोठ्या आवाजानं थकलेल्या कानांना पेटी बारीक वाटते.